गावी राहून लिखाणावर पोट भरतं का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात जाहिरात कंपनीत मजकूर लिहिणारा ३१ वर्षांचा तरुण. आजोळचं कौलारू घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, कुलूपबंद. नोकरी सोडून तिथे राहावं आणि बाहेरची लिखाणाची कामं घ्यावी असं मनात आहे. विचारतोय, "ताई, तुम्ही हे वीस वर्षं करताय. डेडलाइन कशा पाळता, पैसे वेळेवर मिळतात का, आणि एवढं करून समुद्रावर जायला वेळ उरतो का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. वेळ उरत नाही. तो उरेल म्हणून मी पहिली चार वर्षं वाट बघितली. त्या चार वर्षांत माझ्या पायांना वाळू लागली ती घरी पाहुणे आले तेव्हाच. आता मी समुद्र आधी मांडते आणि काम त्याच्याभोवती बसवते. ऐकायला लाडिक वाटेल, म्हणून हिशोबासकट सांगते.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एकावर कामाच्या तारखा, दुसऱ्यावर मी फक्त तिथ्या बघते. इकडे पोराटोरांनाही येणारा एक हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण घरातून निघायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब आत जातं, आणि ते आत गेलेलं असतं पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. खाडीच्या तोंडाशी मुळे काढायची वेळ ती. मुळे म्हणजे पुण्याच्या बाजारात तुम्ही ज्यांना तिसऱ्या म्हणता त्यांचेच भाऊबंद.

म्हणून कुणाला तारीख देण्याआधी मी तिथी बघते. अमावास्येच्या संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर पाठवते, असं मी कधी कबूल करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला देते म्हणते. समोरच्याला काडीचा फरक पडत नाही. संध्याकाळी पाचला गेलेला मजकूर त्या रात्री उघडणारा माणूस मला वीस वर्षांत भेटलेला नाही. मला मात्र त्या फरकात एक अख्खी ओहोटी मिळते. शेजारच्या काकी पुढे, मी मागे. काकी पायानेच चाचपतात, गाळात दोन बारीक भोकं दिसली की कोयत्याचं टोक घालून मुळा वर. मी तासाभरात ओंजळभर काढते, त्यांची टोपली तोवर अर्धी भरलेली असते. "तुझं आपलं शोधून शोधून लिवल्यासारखं," म्हणतात. घरी आणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, वाळू ओकून टाकतात. सकाळी वाफेवर तोंडं उघडली की ते पाणी फेकायचं नाही, त्यातच वाटप घालायचं.

असो. कामावर येते.

माझा दिवस पहाटे पाचला सुरू होतो, त्यात शिस्तीचा वाटा कमी आणि विजेचा जास्त. पहाटे व्होल्टेज धड असतं, नेट वेगात चालतं आणि फोन येत नाहीत. पाच ते साडेआठ मी फक्त अवघड काम करते: कथा, लेखाची सुरुवात, जिथे डोकं लागतं ते. साडेआठला पेज आणि भाजलेलं सुकट, नाहीतर घावणे. मग दहा ते एक अनुवाद. दुपारी जेवून झोपते. मे महिन्यात दुपारी दोनला लॅपटॉपपुढे बसून काय निघतं ते एकदा स्वतः करून बघा. तीननंतर फोन, मेल, बिलं, दुरुस्त्या. पाचनंतर नवीन काही लिहीत नाही.

एवढ्या वेळात किती होतं? अनुवादाचे मूळ मजकुराचे १,८०० ते २,००० शब्द. त्याहून जास्त करता येतात, मी केलेत, पण दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायलाच सकाळ जाते. स्वतःचं लिखाण असेल तर ५०० शब्द झाले की मी खूश. काम घेताना ह्या आकड्यांनी दिवस काढा आणि त्यात एक तृतीयांश मिळवा. जून-जुलैत निम्मे मिळवा. का, ते पुढे येईल.

आमच्या घरी मी कामाची दोन नावं पाडली आहेत: भाताचं आणि माशाचं. भात रोज लागतो. मासे मिळतील तेव्हा, आणि १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद. अनुवाद, कंपन्यांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका, जाहिरातींचं मराठीकरण, सबटायटल्स हे भाताचं काम. दिवाळी अंकातली कथा, सदर, पुस्तक हे माशाचं. तुम्ही जाहिरातीतले आहात, तेव्हा भात तुमच्याकडे आधीच शिजलेला आहे. येताना जुने ग्राहक तोडून येऊ नका. नोकरी सोडण्याआधी महिन्याचं ठरावीक काम देणारे निदान दोन जण हातात हवेत, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत. एकच मोठा ग्राहक असेल तर ती नोकरीच झाली, फक्त प्रॉव्हिडंट फंडाशिवायची.

अनुवादाला नाक मुरडणारे लेखक मला कळत नाहीत. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून आपण ज्याचं नाव घेतो ते 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ला निघालं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतल्या मजकुरासह. काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच कोकणातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. दोन भाषांमध्ये ये-जा करणं हे मराठी लेखणीचं पहिल्यापासूनचं काम आहे.

अनुवादातली एक खाच मात्र कुणी सांगत नाही, आणि तिच्यात मी पहिली दोन वर्षं पैसे घालवले. दर शब्दावर ठरतो, पण कुठल्या शब्दांवर? 'ऑन द टेबल' हे तीन शब्द. 'टेबलावर' हा एक. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले हजार शब्द मराठीत आले की कितीतरी कमी भरतात. अनुवादित शब्दांवर दर ठरवलात तर नेटकं, आटोपशीर मराठी लिहिल्याबद्दल तुम्हाला दंड बसतो. दर नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवा. ग्राहकालाही ते बरं पडतं, खर्च किती हे त्याला आधीच कळतं.

दुसरी खाच फॉन्टची. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिणार, पण काही मासिकांची आणि छापखान्यांची मांडणी अजून जुन्या फॉन्टमध्ये चालते. रूपांतर करताना रफार उडतो, आणि 'तऱ्हा', 'दऱ्या' ह्यांतल्या अर्ध्या र ची तर हमखास वाट लागते. माझ्या एका कथेत 'सुऱ्या' छापायच्या ठिकाणी 'सुया' छापून आलं आणि एका माणसाचा सुयांनी खून झाला. तेव्हापासून मजकुरासोबत पीडीएफ पाठवते आणि मेलमध्ये लिहिते, 'जोडाक्षरं पीडीएफशी ताडून घ्यावीत.' प्रूफ मागून घेते. मिळतंच असं नाही.

आता पैशाचं. हे जरा सावकाश वाचा.

मी फोनवर ठरलेलं काम सुरू करत नाही. फोन ठेवला की दहा मिनिटांत मेल करते, अगदी साधा: 'आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक मजकूर, मूळ शब्द इतके, दर इतका, मी अमुक तारखेला सकाळी अकरापर्यंत देईन. एका फेरीच्या दुरुस्त्या ह्यात धरल्या आहेत. पुढच्या फेरीचे पैसे वेगळे. बिल दिल्यापासून ३० दिवसांत रक्कम मिळावी. हे बरोबर असेल तर एका ओळीचं उत्तर द्यावं.' ती एक ओळ येईपर्यंत फाईल उघडत नाही. पहिल्यांदा लाज वाटते. एकदा सात महिने पैसे अडकले की वाटायची बंद होते. माझे असेच अडकले होते, एका ध्वनिमालिकेचे संवाद लिहिले होते त्याचे. ज्यांनी काम दिलं ते तिथली नोकरी सोडून गेले आणि नवीन माणूस म्हणाला, 'आमच्याकडे काही लेखी नाही.' माझ्याकडेही नव्हतं.

उद्यम नोंदणी करून घ्या. ऑनलाइन आहे, फुकट आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. व्याज मी आजवर मागितलेलं नाही. पण बिलाखाली उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून कंपन्यांच्या हिशोबखात्याचा सूर बदलला, कारण ४५ दिवसांत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच येते. नोंदणी कामाच्या आधीची हवी. भांडण झाल्यावर केलेली उपयोगाची नाही.

एका संस्थेकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर मिळकत झाली की ती १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून पैसे देते. नवीन माणूस हे पैसे गेले समजतो. गेलेले नसतात, विवरणपत्र भरलं की हिशोबात येतात, आणि करापेक्षा जास्त कापले गेले असतील तर परत मिळतात. मी ते सक्तीची भिशी समजते. जुलैत विवरणपत्र, आणि परतावा बहुधा गणपतीच्या खर्चाला येतो. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर. तो प्रसंग आला तर मला जेवायला बोलवा.

आणि हक्क. तुम्ही नोकर नसताना लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच असता. कॉपीराइटचं हस्तांतर लेखीच लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. १९५७च्या कायद्याचं १९वं कलम आहे, एकदा स्वतः वाचा, दोन पानांचं काम आहे. म्हणून करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' हे शब्द दिसले की थांबा. माहितीपत्रकाला ते खुशाल द्या, वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेवर कोण सिनेमा काढणार आहे? कथेला देऊ नका.

आता मराठी लेखकाचं खास संकट: दिवाळी अंक. 'मनोरंजन' मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांनी कोकणातल्या लेखकाचा विचार केला नसावा. कथेची मागणी येते एप्रिल-मेमध्ये, द्यायची असते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे लिहायचं कधी, तर आंबे उतरवताना, आमसुलं घालताना, आणि मग पावसाच्या ऐन जोरात, लाईट नसताना. आणि दुरुस्त्यांचे फोन येतात ते गणपतीत.

आमसुलांचंच बघा. पिकलेले कोकम फोडायचे, बिया आणि गर एका भांड्यात, सालं वेगळी. गराच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची आणि उन्हात टाकायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची, परत उन्हात. अशी पाच-सहा पुटं बसली की सालं काळी-जांभळी आणि चिवट होतात. सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी आत. ह्या कामाला घाई चालत नाही आणि खाडाही चालत नाही. २०२५मध्ये माझी तिसऱ्या पुटाची आमसुलं खळ्यात होती, आणि एका माहितीपटाच्या निवेदनाचे शेवटचे चारशे शब्द टेबलावर. पाऊस सात जूनच्या सुमाराला येतो ह्या हिशोबावर दोन्ही बेतलेलं. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, आणि आमच्याकडे तर त्याच्या आधीपासूनच धो धो. काकींनी पडवीतून हाक मारली, "लिवतेस काय अजून? आमसुलं भिजली गो!" निम्मी गेली. उरलेली चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवली; वर्षभर सोलकढीला धुराचा वास येत होता आणि मुंबईची भावंडं 'काय टाकलंस गं ह्यात, फार छान लागतंय' म्हणून पीत होती. निवेदन एक दिवस उशिरा गेलं. मी सकाळी सातलाच कळवलं होतं की आज होणार नाही, उद्या दुपारी बाराला देते. उशिरापेक्षा न कळवलेला उशीर माणसाला जास्त झोंबतो. पाचची वेळ असताना पावणेपाचला केलेला फोन हा कळवणं नसतो, ती नुसती माफी असते.

गणपतीचं म्हणाल तर भांडूच नका. २०२५ला २७ ऑगस्टला गणपती बसले; २४ला घरात चौदा माणसं होती आणि माझ्या टेबलावर निवडायला ठेवलेली अळूची पानं. कामाच्या प्रत्येक ठिकाणी मी जुलैतच कळवते की गणपतीच्या आधीचे तीन दिवस आणि गौरी-विसर्जनापर्यंत मी नाही. मुंबईच्या संपादकांना हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्यातले निम्मे स्वतःच त्या दिवसांत कोकणच्या गाडीत असतात. दिल्ली-बंगळुरूच्या ग्राहकांना मी सांगते, 'वार्षिक सुट्टी.' तेवढं पुरतं.

आता लाईट आणि नेट, म्हणजे जून-जुलैचं गणित. आधी इन्व्हर्टर घ्या, मग खुर्ची. लॅपटॉप ६० वॅट, राउटर १०, पंखा ७०, एक दिवा १०, एकूण १५०. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास, म्हणजे बारा तास; प्रत्यक्षात सात-आठ मिळतात. पंखा बंद केलात तर जवळजवळ दुप्पट. पावसात पंखा लागत नाही आणि लाईट पावसातच जाते, एवढी निसर्गाची कृपा आहे. मेअखेर आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा राउटरचं अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, अडॅप्टरच्या वायरीतून येते. माझे दोन राउटर तसेच गेले. आणि फायबर तुटते ती वादळापेक्षा वानरांमुळे जास्त. नारळावरून फणसावर जाताना मध्ये तार दिसली की ती त्यांच्यासाठीच बांधल्यासारखी. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये ठेवा, आणि त्याला रेंज कुठे येते ती जागा आधी शोधून ठेवा. माझी जागा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, वडाखाली. छत्री धरून, फोन उंच करून मी तिथून पुस्तकाचं अख्खं प्रकरण पाठवलेलं आहे.

३ जून २०२०चं 'निसर्ग' चक्रीवादळ ह्या सगळ्या तयारीच्या पलीकडचं होतं. दुपारी दोन तासांत आगरातल्या पोफळी आडव्या, नारळ मुळासकट, आमच्या घराची समुद्राकडच्या बाजूची कौलं शेजारच्या विहिरीत. दापोली-मंडणगडात वीज यायला कित्येक गावांना आठवडे लागले. माझ्यावर तेव्हा एका पाठ्यसाहित्याचा अनुवाद होता, ८ जूनची तारीख. लॅपटॉप तिसऱ्या दिवशी मेला. तेव्हा मी वहीत हाताने अनुवाद केला, आणि रस्ता मोकळा झाल्यावर खेडच्या बाजूला जाणाऱ्या एका टेम्पोतून गेले, वाटेत रेंज आली तिथे उतरून पानांचे फोटो पाठवले. तिकडे कुणीतरी ते टाइप केले. तेव्हापासून माझ्याकडे चालू कामाच्या मूळ मजकुराची छापील प्रत असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात लॅपटॉप रात्री पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुस्तकांना भुरी येणारच, दिवाळीनंतर उन्हात काढायची. आणि फाईल रोज रात्री घराबाहेर कुठेतरी, म्हणजे क्लाउडवर. कागद किती लवकर जातो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं, २००५च्या पुरातून सावरलं आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा पाण्याखाली गेलं.

ह्या सगळ्यापेक्षा मोठा अडथळा तुम्ही विचारलेला नाही. तो म्हणजे "घरीच असतेस ना?" हे वाक्य. गावात जो सकाळी एसटी पकडत नाही तो रिकामा. गॅसची टाकी घ्यायला तुम्ही, मावशीला दापोलीला डॉक्टरकडे न्यायला तुम्ही, वायरमन आला की खांब दाखवायला तुम्ही. त्यातून तुम्ही लिहिता हे कळलं की अर्ज. सातबाऱ्यावरचं नाव, रेशनकार्ड, पाण्याच्या पाइपलाइनची तक्रार, मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज. सुरुवातीला मी चिडायचे, कधी लपून बसायचे. मग सोमवार दुपारी तीन ते पाच पडवीत बसायला लागले. अर्ज फक्त तेव्हाच. दोन महिन्यांत गावाने ते वेळापत्रक पाळायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे 'ती सोमवारीच बसते' म्हटल्यावर बाकीच्या दिवशी मी कामात असते हेही लोकांना आपोआप पटलं.

पैसे घेत नाही. तरी कुणी हात हलवत येत नाही. शहाळी, फणस, एकदा ताडगोळे, एकदा पोस्टाच्या पिशवीत जिवंत खेकडे. ते मी मोरीत ठेवले आणि बंगळुरूच्या एका कंपनीच्या व्हिडिओ मीटिंगला बसले. विषय, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत 'क्लच' ला मराठी शब्द करायचा की क्लचच ठेवायचं. माझं म्हणणं क्लचच. शेतकरी दुसरं काही म्हणत नाही. तेवढ्यात खेकड्यांची पिशवी सुटली होती ते दिसलं. एक खेकडा माजघराच्या उंबऱ्यावर नांग्या वर करून, दुसरा टेबलाच्या पायाशी. मी पाय खुर्चीवर घेतले आणि बोलत राहिले. समोरच्या बाई म्हणाल्या, "यू सीम व्हेरी पॅशनेट अबाउट धिस." क्लच राहिला. खेकड्यांचं संध्याकाळी सार केलं.

लिखाणाच्या कमाईची बेरीज करताना मी हे धरत नाही, पण खर्चाच्या बाजूला मात्र ते दिसतं. नारळ, कोकम, फणस, तांदूळ आणि बरीचशी भाजी विकत आणत नाही. मासे आणते, हर्णैच्या लिलावातून, महिन्यातून दोनदा, मोठं काम पाठवून झाल्यावर. बैलगाडीतून टोपल्या किनाऱ्याला लागतात, ओरडा, वास, चिखल, आणि त्यात माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला कोण विचारतो? ओळखीच्या बाईंकडून वाटा घ्यायचा. पुण्यात तुम्ही काम संपवून कॉफी प्यायला जाल, तसं हे. फरक एवढाच की कॉफीवाला चतुर्थीला बंद नसतो आणि ह्या बाई जून-जुलैत सुकं विकतात.

यावं का, हे मी सांगणार नाही. पण नोकरी सोडण्याआधी जुलैत महिनाभर रजा काढून, किंवा घरून कामाची परवानगी घेऊन, ह्या घरात राहून बघा. मेमध्ये नको, मेमध्ये कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैत चूल ओली, कपडे वाळत नाहीत, मासे नाहीत, लाईट नाही, आणि समुद्राचा आवाज रात्रभर. तेव्हा रोज दोन हजार शब्द झाले तर बोलू.

आणि आजोळच्या घराची किल्ली कुणाकडे आहे ते आत्ताच विचारून ठेवा. कौलं चाळणारा माणूस मेमध्ये शोधलात तर मिळत नाही. त्याला मार्चमध्ये सांगून ठेवावं लागतं, आणि आगाऊ हजार रुपये द्यावे लागतात.